तळाचा कागद

कापडाची थप्पी लावताना सगळ्यात खाली एक कागद अंथरतात. त्यावर कापडाचे थर चढतात, कधी चाळीस, कधी साठ, आणि मग कटिंग मास्तर वरच्या थरावर खडूने आखून पातं फिरवतो. खाली कागद असतो म्हणून कापड सरकत नाही, चुरगळत नाही. पण थर मोजताना कागद मोजायचा नाही. टेबलावर आलेल्या नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगतात, आणि पहिल्या दिवशी तो नेमकं हेच विसरतो.

गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात कटिंगच्या टेबलाच्या दोन टोकांना दोन साडू उभे असत. थोरल्याला तिथे बावीस वर्षं झाली होती, धाकट्याला चौदा. धाकट्याला चिकटवलं होतं थोरल्यानेच. मेहुणीचा नवरा घरी बसलेला असला की सासुरवाडीत जेवताना दुसरा विषयच निघत नाही, आणि थोरल्याला शांतपणे जेवायला आवडायचं. दोघे एकाच इमारतीत राहत, थोरला वर आणि धाकटा खाली. बायका सख्ख्या बहिणी. त्यामुळे वरच्या घरात सकाळी बोललेलं खालच्या घरात दुपारपर्यंत पोचायचं, आणि खालचं वर जायला तेवढाही वेळ लागत नसे.

एका सोमवारी मालकीणबाईंनी दोघांना ऑफिसात बोलावलं.

"मशीन घेतलंय," त्या म्हणाल्या. "तेच आखतं, तेच कापतं. त्याला काय कापायचं ते सांगावं लागतं, प्रोग्राम लिहून. मशीनवाल्यांचा माणूस ठेवायचा तर तो तुम्हा दोघांचा मिळून होतो तेवढा पगार मागतोय. म्हटलं, आपलीच माणसं शिकतील. तीन महिने देते. दोघांनी शिका, एक राहील."

"एकच?" थोरल्याने विचारलं.

"मशीन एकच आहे ना."

"आणि दुसरा?"

मालकीणबाई मनाने चांगल्या होत्या. त्यांनी दोघांसाठी चहा मागवला.

परीक्षा अशी ठरली: तीन महिन्यांनी दोघांनी आपापला प्रोग्राम मशीनला द्यायचा, एकदाच. हॉस्पिटलच्या ऑर्डरीतले चाळीस-चाळीस कोट कापायचे. ज्याचे कोट बरोबर, तो राहिला. तोवर मशीनला प्लास्टिकचं आवरण, आवरणाला चिकटपट्टी, आणि चिकटपट्टीवर मालकीणबाईंची सही.

थोरल्याने त्याच आठवड्यात फी भरून कोर्स घेतला. यामागे त्याचं एक तत्त्व होतं, आणि ते तो जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना ऐकवायचा. "फुकट शिकवणाऱ्याला कसली गरज नसते. आणि गरज नसलेला माणूस नीट शिकवत नाही. डॉक्टर फी घेतो म्हणून नाडी बघतो. फुकट असता तर नुसतं तोंड बघितलं असतं."

तोंडाचा विषय त्याने काढायला नको होता. फीचे पैसे आले होते ते त्याच्या बायकोच्या कवळीचे. तिचे दात काढून झाले होते, हिरड्या भरून आल्या होत्या, डॉक्टरने मापसुद्धा घेतलं होतं. राहिली होती ती फक्त कवळी. "तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे," नवरा म्हणाला. "एकदा मशीन हातात आलं की सोन्याची बसवू." ती काहीतरी म्हणाली, पण दात नसल्यामुळे ते नीट कळलं नाही, आणि थोरल्याने तो होकार धरला.

दोघांनी मिळून घेतला तर कोर्सवर सवलत होती, म्हणून त्याने कारखान्याच्या दारावरच्या वॉचमनलाही भरीला पाडलं. वॉचमनला प्रोग्राम म्हणजे लग्नातला बँड वाटत होता. पण सवलत वाया जाऊ नये असं त्यालाही वाटलं.

धाकट्याने एक पै खर्च केली नाही. "सगळं फुकट पडलंय," तो बायकोला म्हणाला. "वेचायला आलं पाहिजे फक्त."

वेचायला मात्र त्याला येत नव्हतं. फुकटचे व्हिडिओ इतके होते, पण प्रत्येक शिकवणारा पहिल्यापासून सुरुवात करायचा आणि दुसऱ्या धड्यानंतर गायब व्हायचा. महिनाभरात धाकटा पहिला धडा नऊ वेळा शिकला, नऊ जणांकडून, आणि दुसरा एकदाही धड नाही. शेवटी त्याला एक चर्चागट सापडला. तिथे अडलेले लोक प्रश्न टाकत आणि ज्यांना येत होतं ते उत्तरं देत, कुणी कुणाकडे काही मागत नसे. धाकटा तिथे 'कात्री' या नावाने बसला. आधी विचारायचा, मग हळूहळू सांगायला लागला. दुसऱ्याला समजावताना आपल्याला आपोआप समजतं, हा शोध त्याला तिथे लागला.

थोरल्याच्या कोर्सची तऱ्हा वेगळी होती. त्यातले पहिले सहा धडे 'तुम्ही योग्य निर्णय घेतला आहे' याच विषयावर होते. सातव्यात एका कोट घातलेल्या माणसाने विचारलं, तुम्ही तयार आहात का? आठव्यात प्रोग्रामिंग सुरू झालं आणि थोरला अडकला. पण त्याच्या पॅकेजात वैयक्तिक मार्गदर्शक होते. शंका पाठवायची, चोवीस तासांत सरांचं उत्तर. सरांचा चेहरा कधी दिसला नाही, पण फी भरलेल्या माणसाला त्याने फरक पडत नाही.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो मोबाइल नाचवत टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आला.

"ये, फुकट्या. बघ जरा, पैशाचं उत्तर कसं असतं ते."

"दाखवा, साडूभाऊ."

"मी विचारलं, 'सर, रागावू नका, पण मोजायला शून्यापासून का सुरुवात करतात, एकपासून का नाही?' सरांनी काय लिहिलंय वाच."

धाकट्याने वाचलं. लिहिलं होतं: 'शून्य म्हणजे थप्पीच्या तळाचा कागद. तो असतो, पण मोजत नाहीत. त्याच्यावरच बाकीचं सगळं उभं असतं.'

"कळलं?" थोरला म्हणाला. "एवढा मोठा माणूस, पण माझ्यासाठी कटिंगचा अभ्यास केला त्याने. याला म्हणतात वैयक्तिक लक्ष."

धाकट्याने डबा बंद केला. ते उत्तर त्याचंच होतं. दोन दिवसांपूर्वी चर्चागटात 'नवशिक्या' नावाच्या कुणीतरी हाच प्रश्न विचारला होता, अगदी 'सर, रागावू नका' सकट, आणि कात्रीने त्याला हेच लिहिलं होतं. घरी जाऊन त्याने नवशिक्याचे जुने प्रश्न उघडले. सगळे थोरल्याचे. थोरला शंका सरांना पाठवायचा, सर ती जशीच्या तशी फुकटच्या चर्चागटात टाकायचे, तिथे धाकटा उत्तर द्यायचा, आणि सर ते उचलून फी घेऊन थोरल्याला द्यायचे.

दुसरा कुणी असता तर त्याने वर जाऊन साडूला सांगितलं असतं आणि दोघं पोट धरून हसले असते. धाकटाही हसला, पण एकटाच. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. तिला सांगितलं असतं तर दुपारपर्यंत वर पोचलं असतं.

मग गंमत सुरू झाली. नवशिक्याच्या पुढच्या प्रश्नाला कात्रीने उत्तर बरोबर दिलं, पण खाली एक ओळ जोडली: 'हे शाळेतल्या पोरालाही कळतं. तुमचं वय काय?' दुसऱ्या दिवशी थोरला टेबलाशी मान खाली घालून उभा राहिला. त्यानंतरच्या उत्तराखाली कात्रीने लिहिलं: 'ही ओळ हाताने शंभर वेळा लिहा, त्याशिवाय डोक्यात शिरणार नाही.' त्या आठवड्यात थोरला सुट्टीत जेवला नाही. बाद झालेल्या कागदी नमुन्यांच्या पाठीवर तो ओळी लिहीत बसला. बावीस वर्षं कापड धरलेली बोटं, पेन धरून सुजली.

"काय साडूभाऊ, शिक्षा झाली का?" धाकट्याने विचारलं.

"सर कडक आहेत," थोरला म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता. "कडक असल्याशिवाय विद्या येत नाही."

आणि विद्या यायला लागली, तिथेच घात झाला. कात्रीची उत्तरं चांगली होती. शंभरदा लिहिलेल्या ओळी खरोखरच डोक्यात शिरल्या. अडीच महिने झाले तेव्हा धाकट्याच्या लक्षात आलं की टेबलाच्या त्या टोकाचा माणूस आपल्याइतकाच शिकलाय, आणि त्याला शिकवलंय आपणच, फुकट. वर त्याचा हात आपल्यापेक्षा साफ, आणि नोकरी आपल्यापेक्षा आठ वर्षं जुनी. दोघांचेही कोट बरोबर आले तर मालकीणबाई कुणाला ठेवतील, हे सांगायला कुठला कोर्स लागत नव्हता.

परीक्षेच्या आदल्या शुक्रवारी नवशिक्याचा शेवटचा प्रश्न आला. 'सर, रागावू नका. शिलाईसाठी कापडाच्या कडेला जो दाब सोडतात, तो मी प्रोग्राममध्ये मिळवायचा, की मशीन आपोआप सोडतं?'

शिंप्याच्या घरात रांगणाऱ्या मुलालाही माहीत असतं की कापताना कडेला दाब सोडला नाही तर कपडा शिवल्यावर आखूड होतो. मशीनला यातलं काही माहीत नसतं. त्याला सांगितलं तेवढंच ते कापतं. चर्चागटात याचं उत्तर देऊ शकणारा एकच माणूस होता, कारण बाकी कुणाला कोट कापता येत नव्हता. कात्रीने लिहिलं: 'मशीन आपोआप सोडतं. प्रोग्राममध्ये मिळवू नका, नाहीतर दुप्पट होईल.'

शनिवारी थोरला त्याच्या टोकाला आला. या वेळी मोबाइल नाचवला नाही.

"सर म्हणतात दाब मिळवू नको. मशीन सोडतं म्हणे."

"बरं."

"माझा हात ऐकत नाहीये. बावीस वर्षं दाब सोडतोय. तुला काय वाटतं?"

धाकट्याने खडूला टोक काढलं. ते सावकाश काढलं.

"साडूभाऊ, तुम्ही फी भरलीय. माझ्यासारख्या फुकट्याचं मत कशाला घेता?"

थोरल्याने मोबाइल खिशात घातला. मग म्हणाला, "तेही खरंय," आणि आपल्या टोकाला गेला.

सोमवारी मशीनचं आवरण निघालं. शिलाईच्या बायकाही बघायला उठल्या. थोरल्याचा नंबर पहिला, मान म्हणून. मशीनने चाळीस कोट असे कापले की पाहणाऱ्याने टाळी वाजवावी. एका बाईने त्यातला एक लगेच शिवून आणला.

"घाला बघू," मालकीणबाई म्हणाल्या.

थोरल्याने हात घातले. कोट खांद्यावर आला आणि तिथेच थांबला. त्याने खेचला. बगलेत टरकन आवाज झाला. त्याचे दोन्ही हात मागे अडकले, पुढे येईनात, आणि कोट निघेनासुद्धा. शेवटी शिलाईच्या दोघीजणींनी तो ओढून काढला. हसणं आधी मागच्या रांगेतून सुरू झालं. मालकीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी बाकीच्या एकोणचाळीस कोटांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तुमचे. शेवटच्या पगारातून कापून घेते. घरी न्या, मी काय करू यांचं?"

धाकट्याचे कोट अंगावर चढवून बघायचीसुद्धा गरज पडली नाही.

त्यानंतर बहिणींचं बोलणं बंद झालं. धाकटी जिन्यात दिसली की थोरली पदर तोंडावर घ्यायची, रागाने असेल किंवा बिनदातांच्या तोंडाने असेल, ते सांगता येत नसे. वरच्या मजल्यावर कोटांची फडकी झाली. थोरल्याला घरबसल्या संगणकावरचं कसलंतरी काम मिळालंय, एवढंच खाली कळलं. जास्त विचारायला तोंड नव्हतं.

धाकट्याची नोकरी पाच महिने छान चालली. मग हॉस्पिटलचं पत्र आलं: यापुढे ज्या कारखान्यात मशीन चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र असेल, त्यालाच ऑर्डर.

"प्रमाणपत्र काढून घे एक," मालकीणबाई म्हणाल्या. "पंधरा दिवस आहेत."

"पण मला येतं, बाई. रोज चालवतोय."

"येतं ते मला दिसतं रे. हॉस्पिटलला कागद दिसतो."

पंधरा दिवसांत प्रमाणपत्र देणारं एकच ठिकाण होतं, तोच कोर्स. वेळ असणाऱ्यांनी सगळे व्हिडिओ पाहायचे की प्रमाणपत्र आपोआप. घाई असणाऱ्यांनी जास्त फी भरून थेट तोंडी परीक्षा द्यायची. फीसोबत अभ्यासाला पुस्तक येणार होतं. धाकट्याने फीचे पैसे बायकोच्या माहेरून उसने आणले, म्हणजे तिथेही सगळ्यांना कळलं.

पुस्तकाचं नाव होतं 'हजार शंकांची उत्तरं'. धाकटा वाचायला बसला आणि पहिल्याच पानावर थबकला. तळाचा कागद होता. पुढे शाळेतलं पोर होतं. 'हाताने शंभर वेळा लिहा' हेही होतं, अभ्यासाची शास्त्रीय पद्धत म्हणून, चौकटीत. आपलीच वाक्यं तो विकत घेऊन पाठ करत होता. आणि शेवटच्या प्रकरणात, जाड अक्षरात: 'मशीन आपोआप सोडतं. प्रोग्राममध्ये मिळवू नका.'

परीक्षा रविवारी सकाळी होती. धाकटा खुर्ची ओढून मोबाइलसमोर बसला, बायको स्वयंपाकघरात भांडी न वाजवता भांडी घासत राहिली. पडद्यावर परीक्षक आले. त्यांच्या अंगात पांढरा कोट होता, खांद्यावर आखडलेला, बगलेत उसवलेला.

"साडूभाऊ? तुम्ही?"

"परीक्षकाला सर म्हणायचं. नियम वाचले नाहीस? पान दोन."

"हो, सर."

"पहिला प्रश्न. शिलाईचा दाब कोण सोडतं? मशीन की प्रोग्राम?"

धाकट्याने घसा साफ केला. प्रमाणपत्र पुस्तकावर मिळणार होतं. "मशीन. आपोआप सोडतं, सर."

"पुस्तकात हेच आहे."

"हो, सर."

"मीही हेच केलं होतं." थोरल्याने हात वर केला. कोटाची बगल आणखी थोडी उसवली. "मग तुझे चाळीस कसे बरोबर आले? तू दाब कुठे मिळवला होतास?"

"प्रोग्राममध्ये."

"म्हणजे पुस्तक चुकलंय?"

"तसंच असेल, सर."

"कुणी चुकवलं?"

"मला कसं माहीत असणार?"

"मलाही माहीत नव्हतं," थोरला म्हणाला. तो अजिबात रागावला नव्हता. "ही नोकरी लागली ना, तेव्हा आधीच्या सरांचा पासवर्ड मला मिळाला. शंका आली की कुठे टाकायची आणि उत्तर कुठून उचलायचं, ते सगळं त्यांनी लिहून ठेवलं होतं. कात्री म्हणून एक माणूस आहे. हुशार आहे, कोटही कापता येतो त्याला. कात्रीचं सगळं मी पहिल्यापासून वाचलं, एक ओळ सोडली नाही. शंभरदा लिहायची सवय आहे मला."

स्वयंपाकघरात पाण्याचा आवाज थांबला. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली. ती धाकट्याला आधी छतातून ऐकू आली, मग मोबाइलमधून.

"साडूभाऊ, माझी नोकरी जाईल हो."

"सर."

"सर, माझी नोकरी जाईल."

"शेवटचा प्रश्न. सोपा आहे, शाळेतल्या पोरालाही कळतो. शून्य म्हणजे काय?"

धाकट्याने पुस्तक मिटलं.

"तळाचा कागद."

"असतो, पण?"

"मोजत नाहीत."

"छान," थोरला म्हणाला. "नापास."

सहा महिन्यांनी पुन्हा बसता येत होतं, पुन्हा फी भरून. संध्याकाळी धाकटी जिना झाडत होती तेव्हा थोरली पायरीवर बसून भाजलेले शेंगदाणे खात होती. परीक्षकाच्या पगारातून वरची कवळी आली होती, खालची अजून यायची होती. त्यामुळे एकेक दाणा चावायला वेळ लागत होता, पण तिला कुठे जायचं नव्हतं. साडेपाच महिन्यांनी ती पहिल्यांदा बहिणीशी बोलली. "खातेस?" तिने विचारलं.

कारखान्यात प्रमाणपत्र असलेला माणूस निघालाच एक. दारावरचा वॉचमन. सवलतीतल्या कोर्सचे व्हिडिओ त्याने मोबाइल खिडकीत टेकवून रोज लावून ठेवले होते, झोप छान लागते म्हणून, आणि सगळे संपले तेव्हा प्रमाणपत्र आपोआप आलं होतं. त्याने ते जेवणाच्या डब्याखाली अंथरलं होतं. मालकीणबाईंनी ते पुसून फ्रेम केलं आणि मशीनवर लावलं. धाकट्याने शेवटच्या दिवशी अर्धा तास त्याला शिकवलं.

"काय दाबायचं?"

"हिरवं."

"आणि थांबवायला?"

"लाल. बाकी सगळं प्रोग्राम करतो."

"मग फार काही नाहीये," वॉचमन म्हणाला.

हिशेब घ्यायला धाकटा ऑफिसात गेला. पैसे खिशात घालून तो दाराशी घुटमळला.

"बाई, प्रोग्राम माझा आहे. मी लिहिलाय. मी गेल्यावरही तोच चालणार. त्याचं काहीतरी वेगळं..."

मालकीणबाईंना खरंच नवल वाटलं.

"पण तू तर सगळं फुकट शिकलास ना रे?" त्या म्हणाल्या, आणि त्यांनी त्याच्यासाठी चहा मागवला.